पहिल्या हाकेला ओ

आमच्या इमारतीच्या काचांना बाहेरून घाम फुटला की समजायचं, उन्हाळा आला. आत एसीचा गारठा, बाहेर समुद्राची वाफ, आणि मधल्या काचेवर सकाळभर पाण्याचे ओघळ. अल रीम बेटावरचे समोरचे टॉवर अशा सकाळी दिसेनासे होतात. ते आहेत हे आपल्याला माहीत असतं, त्यांच्यात माणसं चहा करत असतील हेही माहीत असतं, पण खिडकीत नुसता पांढरा पडदा. मग ऊन चढतं, पडदा विरतो आणि एकेक टॉवर कुठे तरी जाऊन आल्यासारखा आपल्या जागेवर उभा राहतो. मी दर वर्षी उगाच खात्री करून घेते, सगळे परत आलेत ना म्हणून.

आज सकाळी ते ओघळ दिसले. संध्याकाळी मॉलमध्ये गेले तर यंदाचाही बोर्ड लागलेला. बर्फाच्या हॉलचा. टोप्या घातलेलं एक हसरं कुटुंब, मागे गोठलेलं तळं आणि पाइनची झाडं, आणि वर लिहिलेलं, ‘लेकसाइड पार्क, फॅमिली स्नोशूइंग, बिगिनर्स वेलकम’. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वाट बदलून पार्किंगकडे गेले.

इथला, आखातातला उन्हाळा हा मुळी माणसं नाहीशी होण्याचा ऋतू आहे. शाळा सुटतात आणि आठवड्याभरात इमारत ओस पडते. कोणी पुण्याला, कोणी केरळला, कोणी कैरोला. लिफ्ट मधल्याच मजल्यावर थांबते, दार उघडतं, बाहेर कोणी नसतं, दार पुन्हा लागतं. खालच्या बागेत भर दुपारी झोपाळा हलत असतो, कारण त्या वेळी बागेत फक्त वारा येऊ शकतो. घसरगुंडीला हात लावला तर पोळतो. शेजारची पल्लवी जाताना किल्ली देऊन जाते, कुंड्यांना पाणी घालायला. तिच्या बंद घरात मी पाय ठेवते तेव्हा फ्रीज एकदम घरघरायला लागतो आणि मी दर वेळी दचकते. “अगं मीच आहे,” असं मी त्या फ्रीजला एकदा चक्क सांगितलंही होतं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही गेलो नव्हतो. निखिल, माझा नवरा, रुवैसच्या रिफायनरीत आहे. आठवडाभर तिकडे राहतो आणि वीकेंडला घरी येतो. त्या वर्षी त्यांचं शटडाउनचं, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायच्या दुरुस्तीचं काम निघालं आणि रजा खलास झाली. मग आम्ही जायच्या ऐवजी आबांनाच बोलावून घेतलं. आबा म्हणजे माझे वडील. संगमेश्वराकडचे. सगळी नोकरी त्यांनी एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून केली. खिडकीशी बसायचं, समोर माइक, आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते ते गावाला ऐकू जाईल असं सांगायचं. माइक बंद पडला तरी प्रवाशांचं अडत नसे, असं लोक म्हणत. घरातही त्यांचा आवाज तसाच. मला जेवायला हाक मारली की शेजारच्या दोन घरांत ताटं वाढली जायची.

अशा माणसाला आम्ही काचेच्या घरात आणून ठेवलं. खिडकी उघडत नाही, बाहेर जाववत नाही. आबा दिवसभर काचेशी खुर्ची टाकून बसत. “बाय, इथे माणसं एकमेकांना हाका मारत नाहीत का गं?” त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, “व्हॉट्सॲप करतात, आबा.” “शेजारच्या खोलीतसुद्धा?” “शेजारच्या खोलीतसुद्धा.” त्यांनी मान हलवली. मला तेव्हा हसू आलं होतं. पण खरंच, आठवून पाहिलं तर इथे कित्येक वर्षांत मला कोणी लांबून मोठ्याने नावाने हाक मारलेली नव्हती. आपलं नाव हवेतून चालत येतं, कानाशी पोचेपर्यंत थोडं झिजतं, तरी आपण ते ओळखतो. हे मी विसरूनच गेले होते. गावाकडे अंतरसुद्धा हाकेत मोजायचे. हाकेच्या अंतरावर विहीर, हाकेच्या अंतरावर मामाचं घर.

आबांची आणि माझ्या लेकीची, इराची, गट्टी लगेच जमली. इरा तेव्हा दुसरीतून तिसरीत जाणार होती. ते मराठीत बोलत, ती इंग्रजीत उत्तर देई आणि दोघांचं काही अडत नसे. दुपारी सगळी इमारत झोपल्यासारखी असताना दोघं खिडकीशी बसत आणि आबा तिला आमच्याकडच्या गोष्टी सांगत. चकवा कसा लागतो, माणूस एकाच शेताभोवती कसा फिरत राहतो. आणि हाकेची गोष्ट. निर्जन जागी कोणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तो एका जागी उभा राहून पुन्हा पुन्हा हाक मारतो. ‘ते’ मात्र एकदाच हाक मारतं आणि जागा बदलतं. तिसरी हाक त्याच जागेवरून आली तरच समजायचं, आपलं माणूस आहे.

“अँड इफ आय से ओ बाय मिस्टेक?” इराने विचारलं.

“मग ते तुझी ओ घेऊन जातं,” आबा म्हणाले.

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी हाकेला ओ देईना. मी स्वयंपाकघरातून “इरा!” म्हणायची; शांतता. पुन्हा “इरा!”, शांतता. तिसऱ्या खेपेला माझा आवाज तापलेला असायचा, तेव्हा आतून सुरात “ओऽ” यायची आणि पाठोपाठ आबांचं खुसखुसणं. “आबा, काय भलतंसलतं भरवताय तिच्या डोक्यात!” मी चिडले. ते म्हणाले, “अगं, निदान हाका तरी मारायला लागलीस की तू.” मी पोळ्या लाटत राहिले.

त्या हॉलमध्ये जायची कल्पना निखिलची. बाहेर ऊन नुसतं भाजून काढतंय, आबांनी जन्मात बर्फ पाहिलेला नाही, आणि मॉल गाडीने पाच-दहा मिनिटांवर. “यल्ला, चला, आबांना स्वित्झर्लंड दाखवू,” तो म्हणाला. तिकिटाचे दिऱ्हम रुपयांत करून सांगायचे नाहीत, एवढं मात्र मी आबांना बजावलं. आबांनी घडीचं धोतर बाजूला ठेवून निखिलची पँट चढवली आणि वर भाड्याचा फुगीर कोट. आरशात बघून म्हणाले, “कापूस भरलेली उशी दिसतोय मी.” इरा हसून जमिनीवर बसली.

बर्फावर चालायचे ते बूट मी तोवर चित्रातच पाहिले होते. आपल्या बुटाखाली पट्ट्यांनी एक पसरट सांगाडा बांधतात. पायाला सूप बांधल्यासारखं वाटतं. म्हणजे पाय बर्फात रुतत नाही. शिकवायला एक नेपाळी बाई होती, मीना नावाची, हसतमुख. “पैर दूर-दूर रखो, बतख जैसा. बच्चा लोग भी कर सकता है, बहुत इझी है,” ती म्हणाली. मग बोट वर करून, “बस एक बात. पीछे कदम नहीं लेना. गिर जाओगे. वापस आना है तो गोल घूम के आना.” आबा माझ्या कानाशी म्हणाले, “म्हणजे मागे फिरायचं तर फेरा घालायचा. काय जागा आहे!”

आत गेलो आणि पहिली गोष्ट जाणवली ती आवाजाची. आवाज नव्हताच. मॉलचं संगीत, मुलांचा कलकलाट, ट्रॉल्यांची चाकं, सगळं दाराशी तुटलं. बर्फ आवाज पितो हे मी कुठेतरी वाचलं होतं. इथे तो प्यालेलाच होता. उंच काळोखं छत, त्यातून पडणारा दुधी उजेड, मधोमध गोठलेलं तळं, त्याच्या काठाने वळत जाणारी वाट, प्लास्टिकची पाइनची झाडं, एक लाकडी खोपटं. लांबच्या भिंतीवर डोंगर रंगवलेले. श्वासाची वाफ तोंडासमोर लोंबकळत राहत होती. तळ्याच्या पलीकडच्या कडेला बर्फ मुद्दाम पातळ ठेवला होता, खालचं पाणी दिसावं म्हणून. तिथे एक गुडघाभर उंचीची दोरी. “उधर नहीं जाना,” मीनाने सांगितलं. मी इराचा हात घट्ट धरला.

आमच्या तुकडीत माणसं फार नव्हती. एक नवं लग्न झालेलं जोडपं, सारखं फोटो काढणारं. एक अरब कुटुंब, त्यांचं बाळ आईच्या छातीशी बांधलेलं. आणि आम्ही. निखिल मीनाबरोबर पुढे, मागे मी, इरा आणि आबा. बदकासारखे फेंगडे चालत होतो. इरा आपल्या पावलांचे ठसे बघत होती. “डायनोसॉरचे आहेत,” ती मराठीत म्हणाली. मला फार छान वाटलं.

तळ्याला अर्धा वळसा झाला तेव्हा घंटा वाजली. ठरावीक वेळाने तिथे बर्फ ‘पाडतात’. घंटा झाली की जागीच थांबायचं. दिवे मंद झाले, छतातून भुरभुर सुरू झाली आणि कुठून तरी यंत्राचं धुकं जमिनीसरशी येऊन वर चढू लागलं. त्याच वेळी आबांच्या पायाचा पट्टा सुटला. मी वाकले. उजव्या हाताने पट्टा ओढत होते, डाव्या हातात इराचा हात. पट्टा बसला. मी उभी राहिले, समोर पाहिलं तर पांढरं. निखिल नाही, मीना नाही, तळं नाही. “इरा, घाबरू नकोस हं,” म्हणत मी हात ओढला. तो इतक्या सहज आला की मी खाली बघितलं. हातात तिचा हातमोजा होता. आत हात नव्हता.

मी हाक मारली. “इरा!”

“ओ.”

लगेच आली. डावीकडून, झाडांच्या अंगाने. जीव भांड्यात पडला. “आबा, इथेच थांबा,” म्हणून मी तिकडे निघाले. त्या सुपांनी धावता येत नाही. एकेक पाय उचलून ठेवावा लागतो, स्वप्नात धावतो तसं. झाडापाशी पोचले. कोणी नाही. “इरा!” “ओ.” आणखी पुढून. तसाच आवाज, तसाच सूर, शेवटी जरासा वर चढणारा. मी पुढे गेले. पुन्हा हाक, पुन्हा ओ. ती पळतेय, खेळतेय, मस्ती करतेय, सापडली की एक धपाटा घालते, असं मी स्वतःशी म्हणत होते. पण आत कुठेतरी पाचावर धारण बसली होती. कारण ओ माझ्या हाकेला फार लगेच येत होती. हाक पुरी व्हायच्या आत.

पुढे केलेला हात कशाला तरी लागला. भिंत. रंगवलेला डोंगर माझ्या नाकाला टेकला होता. भिंत थंडगार होती आणि तिच्या आत काहीतरी घुमत होतं. यंत्रं असणार. भिंतीपलीकडे रस्ता, रस्त्यावर ते भाजणारं ऊन. इथे वाट संपत होती. माझ्या डाव्या-उजव्या बाजूला बर्फ सपाट होता, एकही ठसा नव्हता. डायनोसॉरचा तर नाहीच.

मला मागे फिरायचं होतं. मी मागे पाऊल टाकलं आणि सपशेल आडवी झाले. बर्फ तोंडात गेला. त्याला चव नव्हती. तिथेच पडल्यापडल्या मला ती गुडघाभर दोरी आठवली आणि पातळ बर्फाखालचं पाणी आठवलं. मी ओरडले, काय ओरडले ठाऊक नाही.

तेवढ्यात धुक्याच्या पलीकडून आवाज आला. आबांचा. स्टँडवरचा. माइक बंद पडला तरी न अडणारा.

“इऽरा.”

थोडं थांबून, तिथूनच, “इऽरा.”

मग पुन्हा, तिथूनच, “इऽरा.”

आणि तळ्याच्या काठावरून, मी जिथून निघाले होते तिथून अगदी जवळ, ती म्हणाली, “ओ आबा!”

मी कशी उठले आणि कशी पोचले ते आठवत नाही. धुकं विरत होतं. इरा त्या दोरीशी उकिडवी बसली होती, मोजा नसलेला हात कोटात खुपसून. दोरीच्या आतल्या बाजूला. एक सूप दोरीत अडकलं होतं म्हणून बसली होती. आबांनी तिला काखेत धरून उचललं. त्या माणसाच्या गुडघ्यांना जिना चढवत नाही. मी तिला इतकं आवळलं की ती “मम्मा, कान्ट ब्रीद” म्हणाली.

“मी एवढ्या हाका मारल्या! ऐकू नाही आलं?”

“ऐकू आलं.”

“मग?”

तिने आबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “बट यू वर मूव्हिंग. एकदा इकडून, मग तिकडून, मग लांबून. आय थॉट इट वॉज नॉट यू.”

पोटच्या पोरीने धुक्यात माझी हाक ऐकली आणि ‘ते’ आहे समजून श्वास रोखून बसली. माझ्यापासून लपून. ते तिचं बसणं मला अजून दिसतं.

“आणि ओ का देत होतीस मग?”

“मी नाही दिली.”

बाहेर उबदार जागेत कागदी पेल्यातलं चॉकलेट पिताना निखिलने सगळं नीट लावून दिलं. इंजिनिअर माणूस. “अगं, कोणीतरी घसरलं असेल आणि ‘ओह’ म्हणालं असेल. जगातलं कुठलंही मूल घसरलं की ‘ओह’ म्हणतं. आपल्या मराठी कानांनाच त्यात ओ ऐकू येते.” अगदी बरोबर. दुसऱ्या कोणा देशाची आई असती तर ती त्या आवाजामागे गेलीच नसती. मी बराच वेळ ते पटवून घेतलं. मग आठवलं, आमच्या तुकडीत दुसरं मूल एकच होतं, आणि त्याला अजून बोलता येत नव्हतं.

बूट परत करताना मी मीनाला विचारलं. तिचं हसू जरा कमी झालं. “मॅडम, अंदर आवाज घूमता है. मशीन का, पाइप का. हमको भी कभी-कभी अपना नाम सुनाई देता है.” मी विचारलं, “फिर?” ती पट्टे गुंडाळत म्हणाली, “कुछ नहीं. हम लोग जवाब नहीं देते.” आबांना हिंदी फारशी येत नाही. तरी त्यांनी मान हलवली.

पाऊस सुरू व्हायच्या बेताला आबा गावी परतले. त्यांना चिखल, आमसुलं, शेजाऱ्यांची भांडणं हवी होती. विमानतळावर त्यांनी इराला जवळ घेतलं, पण हाकेबद्दल काही बोलले नाहीत. यंदा बोलावलं तर म्हणतात, “नको गं, गुडघे.” असतीलही गुडघे.

वर्षभरात इरा उंच झाली. दात पडले, नवे आले. शाळेत तिला आयरा म्हणतात, त्यालाही ती आता हात वर करते. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात यायला मला फार वेळ लागला. सोयीची गोष्ट लवकर लक्षात येत नाही. इराला हल्ली दुसरी हाक मारावी लागत नाही. पहिलीलाच ओ येते. जेवायला ये, इरा, ओ. इरा, दप्तर, ओ. पल्लवी म्हणाली, “किती गुणी गं तुझी लेक! माझा मुलगा तर दहा हाकांना हलत नाही.” मी कौतुकाने हसले. आबांना फोनवर सांगितलं, “तुमची नात पहिल्या हाकेला ओ देते बरं का आता.” ते म्हणाले, “तिला विचार, का ते.”

आज, तो बोर्ड पाहून घरी आल्यावर, मी विचारलं. ती जमिनीवर पोटावर पडून चित्र रंगवत होती. मी स्वयंपाकघरातून हाक मारली. “इरा!” नावातला ‘रा’ अजून माझ्या तोंडात होता आणि ओ आली. मी हात पुसत तिच्या खोलीत गेले, तिच्याजवळ बसले.

“तीन हाकांचा नियम विसरलीस वाटतं?”

“नो.”

“मग एवढी घाईने का ओ देतेस?”

तिने रंगवणं थांबवलं नाही. सोपं गणित समजावून सांगावं तशी म्हणाली, “बिकॉज इफ आय ॲम लेट, मम्मा, दुसरं कोणीतरी देतं. अँड देन यू गो देअर.”

खडू कागदावर घासत राहिला. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. रात्री निखिल रुवैसहून आला, आम्ही जेवलो, भांडी झाली. दूध गरम केलं आणि सवयीने हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. पेला घेऊन तिच्या खोलीपर्यंत चालत गेले, दारात उभी राहिले, आणि तिने आपण होऊन वर पाहीपर्यंत एक शब्दही बोलले नाही.